त्रिकोणांची साखळी आणि रानचा ताप

नकाशावरील रेषा मोठ्या निर्विकार असतात. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या हिंदुस्थानच्या नकाशात पैनगंगा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या मधे आदिलाबादचा मुलूख बोटभर जागेत सामावतो. त्याच्या पश्चिम कडेला, भैंसा आणि मुधोळच्या अगदी लगत, ७८ वे रेखावृत्त सरळ उत्तरेकडे निघून जाते. विद्यार्थी ती रेघ पाहतो, अंक वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ही रेघ प्रथम जमिनीवर पडताळून पाहताना किती माणसे तापाने फणफणली, किती वाटेतच राहिली आणि जी परतली ती कोणत्या अवस्थेत परतली, याची खूण नकाशावर कोठेही नसते. मोजणीचा इतिहास सामान्यतः अंकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो प्रथम माणसांच्या तगण्याचा इतिहास आहे.

ही हकीकत ज्या मुलखात घडली तो मुलूख आधी डोळ्यांपुढे आणला पाहिजे. हैदराबादहून उत्तरेस नागपूरकडे जाणारी वाट गोदावरी ओलांडून निर्मळला येते, तेथून सह्याद्रीच्याच दूरच्या फाट्यांचा घाट चढते, एदलाबाद म्हणजे आजचे आदिलाबाद मागे टाकते आणि पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीत उतरते. या वाटेच्या दोन्ही अंगांना सागाचे, ऐनाचे, मोहाचे आणि बांबूचे दाट रान होते. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड हे तेथील रहिवासी. राज्य हैदराबादच्या निजामाचे. परंतु रानात त्या राज्याचा अंमल पाऊलवाटेपुरताच चाले. मराठीशी या भूमीचा संबंध तुटक नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, आणि बोथ, भैंसा, मुधोळ या भागांत मराठी आजही घरोघर बोलली जाते. गोदावरीच्या दक्षिण तीरावर हेच अरण्य पुन्हा सुरू होई आणि कृष्णेच्या दिशेने पार वरंगळच्या पूर्वेपर्यंत पसरे. नदी मधून वाहत होती खरी. परंतु रान एकच होते आणि त्याचा तापही एकच होता.

या रानाविषयी वाटसरूंच्या मनात जी धास्ती होती ती वाघापेक्षाही पाण्याची होती. ‘तिथले पाणी लागते’ हे आपल्याकडील जुने बोलणे. मैदानातला धडधाकट माणूस रानात चार रात्री राहिला की त्याला हुडहुडी भरे, अंगाची काहिली होई, घाम सुटून उतार पडे आणि एक दिवस आड तोच फेरा पुन्हा सुरू होई. दोष पाण्याचा, हवेचा की कुजलेल्या पाल्याचा, याचा निवाडा वैद्यालाही करता येत नसे. युरोपातील डॉक्टर दलदलीतून उठणाऱ्या दूषित वाफांना दोष देत. गावकरी पाण्याला देत. खरा अपराधी दोघांच्याही कानाशी रोज रात्री गुणगुणत होता; पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

अशा मुलखात मोजणीदार आले ते कशासाठी? १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूचे राज्य इंग्रजांच्या हाती आले. त्या लढाईत ३३ व्या पलटणीचा विल्यम लॅम्ब्टन नावाचा एक अबोल अधिकारी होता. त्याला गणिताचा नाद होता. दक्षिण हिंदुस्थान आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कंपनीच्या फौजांना मोकळा झाला आहे, तेव्हा त्याची मोजणी अंदाजाने न करता त्रिकोणांच्या साहाय्याने करावी आणि त्याचबरोबर पृथ्वीचा नेमका आकार किती चपटा आहे हेही ठरवावे, अशी योजना त्याने मांडली. सरकारला नकाशा हवा होता, लॅम्ब्टनला पृथ्वी हवी होती. दोघांचे एकमत झाले आणि १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीच्या पायथ्याशी पहिली पायारेषा मोजली जाऊ लागली. सुमारे साडेसात मैलांची ती रेषा मोजावयास ५७ दिवस लागले, यावरूनच कामाची काटेकोर पद्धत ध्यानी यावी.

या पद्धतीचे तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे कोन ठाऊक असले तर उरलेल्या दोन्ही बाजू गणिताने निघतात. जमिनीवर साखळी ओढण्याचे कारण पडत नाही. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, आणि अशी डोंगरामागून डोंगर गाठीत त्रिकोणांची साखळी शेकडो मैल नेता येते. एवढेच की, पहिली रेषा अचूक पाहिजे आणि प्रत्येक कोन अचूक पाहिजे. पोलादी साखळी उन्हाने किंचित लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून जवळ उष्णतामापके मांडावी लागत. कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र लॅम्ब्टनने विलायतेहून मागविले होते. ते वाटेत फ्रेंचांच्या हाती लागले आणि त्यांनी ते सौजन्याने परत केले. त्याच्या मोठ्या चक्राचा व्यास ३६ इंच आणि वजन सुमारे अर्धा टन. हे अवजड यंत्र माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर न्यावयाचे, आणि माथ्यावर उंच झाडे असली तर ती तोडून दृष्टीला वाट करावयाची. १८०८ साली तंजावर येथे देवळाच्या गोपुरावर चढविताना ते आपटले आणि त्याचे चक्र वाकडे झाले. तेव्हा लॅम्ब्टनने तंबूत बसून स्वतःच्या हातांनी ते पुन्हा सरळ केले.

कन्याकुमारीच्या बाजूने निघालेली ही साखळी हळूहळू उत्तरेस सरकली. १८१५ साली बिदरजवळ दामरगिड्डा येथे नवी पायारेषा मोजली गेली. एवढ्यात राजकारणानेही वाट मोकळी केली. १८१७ च्या अखेरीस सीताबर्डीवर नागपूरकर भोसल्यांचा पाडाव झाला, १८१८ साली पेशवाई बुडाली आणि निजाम तर आधीपासूनच तैनाती फौजेच्या बंधनात होता. त्याच वर्षी मोजणीचे हे काम मद्रास सरकारकडून काढून गव्हर्नर जनरलच्या हाताखाली देण्यात आले आणि त्याला ‘महान त्रिकोणमितीय पाहणी’ असे भारदस्त नाव मिळाले. तलवार जेथून पुढे गेली होती तेथून आता साखळी जाणार होती.

१८१८ च्या वर्षअखेरीस हैदराबादला लॅम्ब्टनच्या छावणीत एक नवा मदतनीस दाखल झाला. वय २८, नाव जॉर्ज एव्हरेस्ट. जावा बेटात त्याने मोजणीचे काम केले होते, आणि कलकत्त्याहून काशीकडे निरोप पोहोचविणाऱ्या खुणेच्या मनोऱ्यांची आखणीही केली होती. लॅम्ब्टन साठी ओलांडलेला, मितभाषी, सैनिकांना आणि हमालांना सांभाळून घेणारा. एव्हरेस्ट तरुण, तापट, बुद्धिमान आणि कोणाचेही न ऐकणारा. त्याच्या जोडीला हेन्री व्हॉयसी नावाचा डॉक्टर होता. मोजणीदारांच्या प्रकृतीबरोबरच मुलखातील दगडमातीची पाहणी करणे हेही त्याचे काम होते. हिंदुस्थानच्या भूगर्भशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत आज त्याची गणना होते. निर्मळच्या परिसरातील लोहखनिजापासून कोनसमुद्रम येथे होणारे पोलाद इराणी व्यापाऱ्यांच्या मार्फत दूरदेशी जाऊन त्याच्या नामांकित तलवारी बनत; त्या पोलादाच्या भट्ट्यांचे बारकाईने वर्णन करून ठेवणारा हाच व्हॉयसी.

१८१९ साली लॅम्ब्टनने या दोघांना कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधील अरण्यात पाठविले. मुख्य साखळीपासून पूर्वेकडे एक शाखा नेऊन तो मुलूख त्रिकोणांनी बांधून काढावयाचा होता. निघण्याचा काळ पावसाळ्याचा होता, आणि तो जाणूनबुजून निवडलेला होता. यातच या सबंध हकीकतीचे मर्म आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत दख्खनच्या हवेत धुळीचा आणि वणव्यांच्या धुराचा पडदा असतो; वीस-तीस मैलांवरच्या डोंगरावरील निशाण दुर्बिणीतूनही दिसत नाही. एक जोराची सर येऊन गेली की हवा धुतल्यासारखी होते आणि क्षितिजावरचा माथा हाताशी आल्यासारखा दिसतो. लॅम्ब्टनने म्हणूनच पावसाळा हा मोजणीचा ऋतू ठरविला होता. परंतु जो पाऊस हवा स्वच्छ करतो तोच पाऊस रानातील प्रत्येक खळगा, प्रत्येक बैलखूर पाण्याने भरतो. डोळ्यांना अनुकूल असलेला ऋतू रक्ताला प्रतिकूल होता. मोजणीदाराने दृष्टीसाठी जी वेळ साधली, तीच तापाची वेळ होती.

आरंभालाच संकट उभे राहिले ते माणसांचे. संरक्षणासाठी निजामाच्या शिपायांची एक तुकडी बरोबर दिलेली होती. पावसात, चिखलात, वाटा नसलेल्या रानात शिरावयाचे, तेही कोणा शत्रूशी लढण्यासाठी नव्हे, तर डोंगरावर लावलेली फडकी दुर्बिणीतून पाहण्यासाठी. हे त्या शिपायांना वेडेपणाचे वाटले आणि त्यांनी पुढे जाण्याचे नाकारले. एव्हरेस्टने आपल्या पहाऱ्याच्या शिपायांकडून त्यांच्यावर बंदुका रोखविल्या आणि पुढाऱ्यांना सर्वांदेखत फटके मारले. बंड मोडले. एव्हरेस्टने हा प्रसंग नंतर अभिमानाने सांगितला. तथापि पुढे जे घडले ते पाहता, रानाविषयी त्या शिपायांचे अनुमान त्यांच्या साहेबापेक्षा अधिक बरोबर होते असेच म्हणावे लागते. आज्ञा मोडणारे भित्रे होते असे नव्हे. त्यांना तो मुलूख ठाऊक होता.

त्यानंतरचे काही महिने कामात गेले. डोंगरमाथा गाठावा, झाडे तोडून जागा मोकळी करावी, निशाणवाल्यांना पुढच्या माथ्यावर पाठवावे आणि ढग फाकण्याची वाट पाहत दिवसच्या दिवस बसून राहावे, असा क्रम होता. निशाणवाल्यांचे काम सर्वांत जोखमीचे. दोघातिघांनी अनोळखी रानातून वाट काढून नेमका तोच माथा शोधावयाचा, तेथे बांबूवर फडके उभारावयाचे आणि साहेबाच्या दुर्बिणीने ते टिपेपर्यंत, मग ते चार दिवस असोत की महिना, तेथेच थांबावयाचे. बरोबर नेलेला शिधा संपला तर रानातील वस्त्यांवर जाऊन काही मिळाले तर मिळाले. मोजणीच्या वहीत या माणसांच्या नावांना स्तंभ नव्हता. तेथे कोनांची अंशे, कला आणि विकला अशी नोंद होई.

पावसाळा सरत आला, आणि अवघ्या काही दिवसांत छावणी आडवी झाली. एव्हरेस्ट आणि व्हॉयसी या दोघांना तापाने गाठले. पाठोपाठ पाच दिवसांच्या आत खलाशी म्हणून ओळखले जाणारे मोजणीचे गडी, निशाणवाले, भोई, हमाल, शिपाई असे मिळून सुमारे दीडशे लोक अंथरुणाला खिळले. डॉक्टरच आजारी, औषधपाणी कोण करणार? ज्यांच्या खांद्यांवरून आजाऱ्यांना न्यावयाचे ते भोईही आजारी. वाट कोण चालणार? एरवी छावणीत एक माणूस पडला तर नऊ उभे असतात. येथे उभे राहणारेच विरळा. यंत्रे जागच्या जागी राहिली. मोजणी थांबली, आणि आता प्रश्न एवढाच उरला की यांतले किती जण रानाबाहेर पडतात.

ही वार्ता हैदराबादला पोहोचली तेव्हा तेथून मिळतील तितक्या पालख्या, डोल्या, हत्ती आणि उंट रानाकडे धाडण्यात आले. आजाऱ्यांची ती मिरवणूक परतू लागली. वाटेत पंधरा जण दगावले. जे हैदराबादेत पोहोचले ते हाडांवर कातडे ओढल्यासारखे, पिवळे पडलेले, डोळे खोल गेलेले. शहरातील बघ्यांना ही माणसे थडग्यातून उठून आल्यासारखी भासली असावीत, अशा आशयाचे वर्णन एव्हरेस्टनेच पुढे आपल्या वृत्तांतात केले आहे. त्याने या आजाराला त्या काळच्या समजुतीप्रमाणे ‘टायफस’ म्हटले. परंतु पावसाच्या शेवटी, रानात, एकाच वेळी सर्वांना येणारा आणि पुढे वर्षानुवर्षे उलटणारा हा ताप हिवतापाच्याच जातीचा असला पाहिजे, हे आज सहज ध्यानी येते.

येथे इतिहासाने एक विलक्षण योगायोग साधलेला आहे. एव्हरेस्टची छावणी ज्या वर्षी कोसळली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२० साली, पॅरिसमध्ये पेल्तिये आणि काव्हान्तू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. औषध सापडले ते असे थोडक्यात उशिरा. कारण सापडावयास मात्र आणखी सुमारे पाऊणशे वर्षे जावी लागली. आणि ते सापडले कोठे? ज्या हैदराबादेत आजाऱ्यांच्या डोल्या आल्या होत्या, तिच्या शेजारच्या सिकंदराबादेत! २० ऑगस्ट १८९७ या दिवशी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. तोही दिवस पावसाळ्यातलाच होता. रानची हवा निर्दोष होती, पाणी पिण्यापुरते तरी निर्दोष होते; पाण्यात वाढणारा आणि संध्याकाळी तंबूत शिरणारा डास हाच अपराधी, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ‘पाणी लागते’ हे गावकऱ्यांचे बोलणे वाफांच्या सिद्धान्तापेक्षा सत्याच्या जवळ होते, हे मान्य केले पाहिजे.

मग सहजच प्रश्न उभा राहतो: हे रान जर इतके प्राणघातक होते, तर गोंड आणि कोलाम तेथे पिढ्यान् पिढ्या कसे नांदत होते? याचे उत्तर विसाव्या शतकातील वैद्यकाने दिले, आणि ते दुहेरी आहे. लहानपणापासून वारंवार ताप अंगावर काढणाऱ्याच्या शरीरात त्याच्याशी झुंजण्याची थोडीबहुत शक्ती येते. परंतु ती शक्ती येण्यापूर्वीच किती बालके दगावत, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. दुसरे कारण रक्तातच आहे. रक्तपेशींना विळ्याचा आकार देणारा ‘सिकलसेल’ नावाचा आनुवंशिक दोष मध्य हिंदुस्थानच्या आदिवासी समाजांत, त्यांत गोंडांतही, मोठ्या प्रमाणावर आढळतो. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर माणसाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. दोघांकडूनही आला तर मात्र जन्मभराचे दुखणे मागे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आणि आदिलाबादच्या पाड्यांवर या दुखण्याने कळवळणारी मुले आजही आहेत. रानात राहण्याची परवानगी या लोकांनी अशी स्वतःच्या लेकरांच्या वेदनांनी विकत घेतलेली होती. बाहेरून आलेल्या मोजणीदाराला त्यांचे तगणे निसर्गाची देणगी वाटे. त्या देणगीची किंमत त्याला दिसत नव्हती.

एव्हरेस्ट वाचला. थोडे बरे वाटताच तो कामाला लागला, ताप पुन्हा उलटला, आणि १८२० साली त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप येथे पाठवावे लागले. तेथेही तो स्वस्थ बसला नाही. लाकाय या फ्रेंच ज्योतिषाने १७५२ साली तेथे पृथ्वीच्या चापाची मोजणी केली होती आणि तिचे उत्तर चमत्कारिक निघाले होते. जवळच्या डोंगरांच्या आकर्षणाने ओळंबा किंचित ढळला असावा, असे अनुमान एव्हरेस्टने तेथे बसून काढले. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी हाच विचार अत्यंत मोलाचा ठरला.

तो परतला तेव्हा लॅम्ब्टन थकला होता. परंतु त्याचे काम थांबले नव्हते. १८२२ साली वऱ्हाडात एलिचपूरजवळ टाकळखेडा येथे त्याने आणखी एक पायारेषा मोजविली होती. दामरगिड्ड्यापासून टाकळखेड्यापर्यंतची साखळी मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या डोंगरमाथ्यांवरून, आदिलाबादच्या रानाला पूर्वेकडे ठेवून, उत्तरेस पोहोचली होती. आता मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवावयाचा होता. खोकल्याने पोखरलेला तो वृद्ध आपल्या लवाजम्यानिशी नागपूरच्या वाटेला लागला. पण तो नागपूरला पोहोचला नाही. २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूर पन्नास मैलांच्या आत आले असता, हिंगणघाट येथे त्याचा देहान्त झाला. वीस वर्षांहून अधिक काळ तंबूत राहिलेल्या माणसाला मरणही छावणीतच आले. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे.

व्हॉयसीही फार दिवस जगला नाही. १८२४ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याकडे जात असता वाटेत पालखीतच त्याचा अंत झाला. लॅम्ब्टनचा वारसा एव्हरेस्टकडे आला; परंतु रानातील तापाने त्याची पाठ सोडली नव्हती. साखळी सातपुड्याच्या पलीकडे माळव्यात सिरोंजपर्यंत नेताना त्याचे हातपाय अधूनमधून लुळे पडत. ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यासाठी त्याला दोघांनी उचलून यंत्रापाशी बसवावे लागे आणि काम झाल्यावर पुन्हा उचलून न्यावे लागे. त्या काळचे उपचार म्हणजे जळवा लावणे, रक्त काढणे आणि कातडीवर फोड आणणे. रोगाने जे उरविले ते उपचाराने घेतले. तरीही १८२५ च्या आरंभी सिरोंजची पायारेषा पुरी करूनच तो विलायतेला गेला.

पाच वर्षांनी, १८३० साली, तो सर्व्हेअर जनरल होऊन परतला तेव्हा त्याने मोजणीची पद्धतच पालटली. दिवसा फडक्यांकडे पाहत बसण्याऐवजी रात्री दिवे आणि दिवसा सूर्यप्रकाश परावर्तित करणारे आरसे वापरण्यास त्याने आरंभ केला. दिव्याची ज्योत आणि आरशाची तिरीप धुळीच्या हवेतूनही दूरवर दिसते. त्यामुळे केवळ स्वच्छ हवेसाठी पावसाळ्यात रानात शिरण्याचे कारण उरले नाही. पुस्तकांत हा बदल तांत्रिक सुधारणा म्हणून नोंदलेला असतो. परंतु त्याच्या मुळाशी १८१९ सालचा तो अनुभव आहे. पंधरा माणसांच्या मरणाने आणि दीडशे माणसांच्या अंथरुणाने शिकविलेला तो धडा होता. फटके मारून मोडलेल्या त्या बंडवाल्यांचे म्हणणे शेवटी त्यांच्या साहेबाने दहा वर्षांनी आपल्या कृतीने मान्य केले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

साखळी १८४० च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. तिच्याच आधारे पुढे हिमशिखरांची उंची काढण्यात आली. सर्वोच्च शिखराची २९,००२ फूट ही उंची १८५६ साली जाहीर झाली, आणि १८६५ साली, स्वतः एव्हरेस्टची नापसंती असतानाही, त्याचे नाव त्या शिखराला चिकटले. असा हा कीर्तीचा हिशोब पुरा झाला.

आदिलाबादच्या रानाचा हिशोब मात्र वेगळा आहे. नकाशा हा मुलूख समजून घेण्याचे साधन आहे तसाच तो ताब्यात घेण्याचेही साधन आहे. रान किती आहे, कोठवर आहे, त्यात साग किती, हे कागदावर आल्यावर ‘सरकारी राखीव जंगल’ ही रेषा आखणे सोपे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या जंगल खात्याने तशा रेषा आखल्या. गोंडांची फिरती शेते आणि काही ठिकाणी गावेही त्या रेषांच्या आत सापडली. आपणच नांगरलेल्या जमिनीवर माणसे अतिक्रमण करणारी ठरली. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, त्यामागील मूळ तंटा हाच होता. त्यानंतरच क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ गोंडांमध्ये मार्लवाई येथे राहिला, आणि राखीव जंगलाच्या रेषांनी त्यांचे जीवन कसे विस्कटले हे त्याने निजाम सरकारच्या ध्यानी आणून दिले. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यांपैकी एकाला कुमराम भीमचे नाव आहे. हिमालयातील एका शिखराला मोजणीदाराचे नाव मिळाले, आणि ज्यांचे रान पुढे रेषांनी तोडले त्यांच्या एका पुढाऱ्याचे नाव त्याच रानाला मिळाले, एवढा न्याय काळाने केला आहे.

तरीही एक ऋण शिल्लक राहतेच. लॅम्ब्टन आणि एव्हरेस्ट यांचे कर्तृत्व खोटे नव्हे. कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत सुमारे १५०० मैलांचा तो चाप त्या काळी जगातील सर्वांत लांब मोजलेला चाप होता, आणि तो इतका अचूक होता की आजच्या उपग्रहांच्या युगातही गणितज्ञ त्याचे कौतुक करतात. परंतु ज्या पंधरा जणांना गोदावरीकाठच्या रानातून परत येता आले नाही, त्यांची गावे कोणती, त्यांच्या घरी ती वार्ता कोणी आणि केव्हा पोहोचविली, हे कोणत्याही वहीत नाही. डोंगरमाथ्यावर एकटे राहून बांबूवरचे फडके उभे धरणारे ते निशाणवाले नसते तर दुर्बिणीला पाहावयास काहीच नव्हते. आज हैदराबाद ते नागपूर हा महामार्ग निर्मळ, आदिलाबाद, पांढरकवडा ओलांडून हिंगणघाटजवळून धावतो. पावसाळ्यात त्या वाटेने जाणाऱ्याला सर ओसरल्यावर दूरचा डोंगरमाथा एकदम स्वच्छ दिसू लागतो. हवा तशी धुतली जाण्याची वाट पाहत, खाली साचणाऱ्या पाण्याची पर्वा न करता, तेथे कधीकाळी माणसे उभी होती. त्यांनी धरलेल्या निशाणांवरूनच ही भूमी प्रथम कागदावर उतरली.